दीर गोव्याहून मलेरिया घेऊन आलेत, घरात दुसऱ्या कुणाला लागेल का?

नंदगडकडची वहिनी

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, नंदगडच्या बाजूला आमचं गाव. माझे धाकटे दीर गोव्यात सेंट्रिंगच्या कामाला असतात, म्हापशाच्या अलीकडं एका मोठ्या इमारतीच्या साइटवर. गणपतीसाठी म्हणून गेल्या आठवड्यात आले. आले तेव्हाच अंग मोडून आलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जी हुडहुडी भरली, तीन वाकळा घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. मग सणकून ताप, मग घाम असा की अंथरूण पिळून काढावं. आणि संध्याकाळी उठून चहा-भाकरी मागितली की! आम्हाला वाटलं, गेला ताप. मधला दिवस बरा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी परत त्याच वेळेला तेच.

सरकारी दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं. कागदावर 'पीव्ही पॉझिटिव्ह' असं लिहून दिलंय. तीन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या आणि चौदा दिवसांच्या वेगळ्या.

आता घरातलं सांगते. सासूबाई म्हणतात पावसात भिजला, ओल्या कपड्यांनी झोपला, म्हणून झालं. शेजारच्या काकींचं म्हणणं, आमच्या दारातलं गटार तुंबलंय त्यामुळं. (अहो, पण ते आलेत गोव्याहून!) चुलत सासरे सांगून गेले की त्याचं ताट-तांब्या वेगळा ठेवा. म्हणून सध्या दीर बाहेर पडवीत झोपतात आणि घरात होती ती एकुलती मच्छरदाणी माझ्या मुलीला लावलीय. मुलगी तीन वर्षांची आहे. जाऊबाईंना पाचवा महिना. आणि काल रात्रीपासून मुलीचं अंग गरम लागतंय, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पंचायतीतून धूर मारून गेले, गटारात पावडर टाकली, एक पत्रक देऊन गेले. पत्रक कानडीत, सासूबाईंना वाचता येत नाही, मलाही अडखळत येतं. म्हणून इथं मराठीत विचारते. हा रोग नक्की होतो कशानं आणि पसरतो कसा? मुलीला दिरांकडूनच लागला असेल काय?

टिळकवाडीकर

गटार हेच मूळ आहे, दुसरं काही नाही. घाण तिथं डास, डास तिथं मलेरिया. आधी गटार काढून घ्या. आणि पपईच्या पानांचा रस द्या, प्लेटलेट वाढतात.

जुना स्लाइडवाला

पपईची पानं राहू देत झाडावरच.

ताई, मी आरोग्य खात्यातून निवृत्त झालो. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या भागात घरोघरी 'कुणाला ताप आहे काय' विचारत फिरायचं आणि काचेवर रक्त घ्यायचं, नोकरी सगळी त्यात गेली. जरा लांबड लावणार आहे, वाचा सावकाश. पण दोन कामं त्याआधी करा. मुलीला आज दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. आणि आज रात्रीपर्यंत आणखी मच्छरदाण्या आणा. एक जाऊबाईंना, एक दिरांना.

दिरांना कशाला म्हणाल, त्यांना तर होऊन गेलाय. तिथंच सगळी गंमत आहे. तुमच्या घरात या घटकेला मलेरियाचा जंतू कुठं असेल तर तो दिरांच्या रक्तात. गटारात नाही, पावसाच्या पाण्यात नाही, ताटात तर नाहीच. डास पाण्यातून उडतो तेव्हा त्याच्या अंगात मलेरिया नसतो, डासाच्या आईकडून अंड्यात तो उतरत नाही. डासाला मलेरिया माणूस देतो आणि मग डास तो पुढच्या माणसाला देतो. आणि तुम्ही ज्यांच्या रक्तात जंतू आहे त्यांनाच पडवीत उघडं झोपवलंय. गावातल्या डासांना आमंत्रण दिल्यासारखं झालं हे.

जंतूचं नाव प्लास्मोडियम. एका पेशीचा परजीवी आहे हा. माणसाला होणाऱ्या त्याच्या जाती पाच, पण आपल्याकडं दोनच लक्षात ठेवल्या तरी चालतं: व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम. कागदावरचं 'पीव्ही' म्हणजे प्लास्मोडियम व्हायवॅक्स. फाल्सिपेरम जिवावर बेतू शकतो, मेंदूपर्यंत जातो. व्हायवॅक्सनं मरण त्या मानानं कमी, पण तो भारी चिवट.

अ‍ॅनोफेलिस जातीच्या डासाची मादी चावली की तिच्या लाळेबरोबर हे जंतू अंगात उतरतात. नर चावत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. मादीला अंडी घालायला रक्त लागतं. जंतू तासाभरात यकृतात पोचतात आणि तिथं गुपचूप वाढतात. माणूस कामाला जातोय, जेवतोय, त्याला पत्ता नसतो. चावल्यापासून ताप येईपर्यंत व्हायवॅक्सला साधारण बारा ते सतरा दिवस लागतात. मग ते रक्तात येतात, तांबड्या पेशीत शिरतात, आत वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. व्हायवॅक्समध्ये हे दर ४८ तासांनी होतं, आणि सगळ्या पेशी जवळजवळ एकदम फुटतात. दिरांची ती हुडहुडी त्याचीच. संध्याकाळी चहा-भाकरी मागितली आणि मधला दिवस बरा गेला, ते पण त्यामुळंच. त्या मधल्या दिवसावर भरवसा ठेवून लोक दवाखान्याला जात नाहीत, हे मी किती घरांत बघितलंय!

आता पसरायचं कसं ते. रक्तातल्या काही जंतूंची नर आणि मादी अशी रूपं तयार होतात. माणसाच्या अंगात ती नुसती फिरत राहतात. डासानं रक्त ओढलं की त्याच्या पोटात त्यांचा संयोग होतो, पोटाच्या भिंतीवर बारीक गाठी येतात, गाठी फुटून नवे जंतू लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत याला दहा ते चौदा दिवस धरा. तेवढ्या दिवसांत तो डास कितीही जणांना चावला तरी मलेरिया देऊ शकत नाही. पुष्कळ डास तोवर मरूनही जातात.

म्हणजे तुमचे दीर गेल्या आठवड्यात आले. घरात त्यांना चावलेला डास अजून तयारच व्हायचाय, आणि तो चावल्यावरही ताप यायला पुढं आणखी बारा-एक दिवस. मुलीचा कालचा ताप त्यांच्याकडून आलेला नाही, हे मी इथं बसून सांगतो. दुसरं काही असेल, डेंग्यूही असू शकतो, म्हणून तपासायचंच. तुमच्या घराची खरी परीक्षा पुढच्या महिन्या-दीड महिन्यात आहे. त्या काळात घरात, शेजारी, कुणालाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त द्यायचं आणि सांगायचं की आमच्या घरी व्हायवॅक्स निघालाय.

आणखी एक. फाल्सिपेरममध्ये ती नर-मादी रूपं ताप आल्यावर आठ-दहा दिवसांनी दिसायला लागतात. व्हायवॅक्समध्ये ती तापाबरोबरच रक्तात असतात, कधी त्याच्या आधीपासून. निदान होऊन कागद हातात येईपर्यंत दोन-चार डास प्यायले असतील तर असतील, त्याला आता इलाज नाही. गोळ्या सुरू झाल्या की ही रूपं काही दिवसांत रक्तातून जातात. तोवर दीर मच्छरदाणीत. अ‍ॅनोफेलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळं दिवसा अंगणात बसले तरी चालतील.

टिळकवाडीकर साहेब, आता तुमचं गटार. गटारातल्या घाण पाण्यात होतो तो बहुतेक क्युलेक्स. झोप मोडतो, हत्तीरोग पसरवतो, पण माणसाचा मलेरिया त्याच्या पोटात वाढतच नाही. गटार काढा, जरूर काढा, त्याची कारणं दुसरी आहेत. अ‍ॅनोफेलिसला बहुतेक करून स्वच्छ पाणी लागतं. त्याचे प्रकार बरेच. गोव्यात साइटवर जो असतो तो स्टीफेन्सी. उघडी टाकी, हौद, विहीर, स्लॅबवर क्युरिंगसाठी बांध घालून ठेवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात साठलेलं पाणी, असल्या ठिकाणी तो होतो. मजूर तिथंच अर्धवट बांधलेल्या खोल्यांत झोपतात, खिडक्यांना दारं नसतात. म्हणून तर गोव्यात बांधकामावरच्या मजुरांना आरोग्य कार्ड काढायला लावतात आणि त्यासाठी मलेरियाचं रक्त तपासतात. गावाकडं क्युलिसिफेसीस: भाताची खाचरं, पाटाचं संथ पाणी, ओढ्याकाठची डबकी, बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातलं पाणीसुद्धा त्याला पुरतं. आणि घाटाच्या बाजूला फ्लुव्हिएटिलिस, हळू वाहणाऱ्या निर्मळ ओढ्याच्या गवताळ कडेला.

चुकीच्या डासामागं लागण्यात मोठी माणसंही गेलीत. मलेरिया डासातून पसरतो काय हे शोधायला रोनाल्ड रॉस हा ब्रिटिश डॉक्टर १८९५ पासून डास फाडून बघत होता, करडे आणि पट्ट्यापट्ट्यांचे. दोन वर्षं हाताला काही लागलं नाही, कारण ती जातच मलेरियाची नव्हे. मग पंखांवर ठिपके असलेले डास मिळाले, आणि २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत तसल्या एका डासाच्या पोटात त्याला ती गाठ दिसली. हुसेन खान नावाच्या रुग्णाला दर डासामागं एक आणा देऊन ते डास चावून घेतले होते. रॉसला १९०२ ला नोबेल मिळालं. ट्रेनिंगला आम्हाला हे शिकवलं तेव्हा मी विचारलं होतं, सर, हुसेन खानला पुढं काय मिळालं? सर हसले आणि पुढच्या धड्याकडं गेले.

धूर मारतात त्यानं त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. तुमच्या हातातलं काम पाण्याचं. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल, हौद, हंडे पूर्ण उपसायचे, आतून घासायचे, वाळू द्यायचे. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवावं लागतं हे मला ठाऊक आहे. मग तोंडाला धोतराचं जुनं फडकं घट्ट बांधा. अळी कुणाची हे बघायचं तर पांढऱ्या वाटीत पाणी घ्या. पाण्याच्या वरच्या थराशी आडवी, सपाट पडून असली तर अ‍ॅनोफेलिस. डोकं खाली करून तिरकी लोंबत असली तर क्युलेक्स नाहीतर डेंग्यूवाला एडीस.

सूक्ष्मदर्शक

काकांनी बरंचसं सांगितलंय. मी बेळगावात लॅबमध्ये काम करते, माझ्याकडून थोडी भर.

वहिनी, मुलीचं रक्त एकदा निगेटिव्ह आलं आणि ताप चालूच राहिला तर परत द्या. पट्टीवरच्या किटवर पटकन कळतं, पण रक्तात जंतू थोडे असले तर किटला सापडत नाहीत. काचेवर आम्ही एक जाड थेंब आणि एक पातळ पसरलेला थर घेतो. जाड थेंबात जंतू आहेत का ते कळतं, पातळ थरात कुठल्या जातीचे ते. ताप चढलेला असो वा उतरलेला, रक्त द्यायला थांबू नका. आणि रक्त देण्याआधी घरात उरलेल्या मलेरियाच्या गोळ्या कुणी घेऊ नका. अर्धवट औषधानं जंतू कमी होतात, आम्हाला काही दिसत नाही आणि रोग आत तसाच राहतो.

जाऊबाईंना कसलाही ताप आला तर मलेरियाचं रक्त नक्की द्या. गरोदरपणात मलेरिया झाला तर आईच्या अंगातलं रक्त फार कमी होतं, बाळाचं वजन कमी भरतं, गर्भ पडण्याचीही भीती असते. आणि दिरांच्या चौदा दिवसांच्या गोळ्या प्रायमाक्विनच्या असणार. गरोदर बाईला त्या चालत नाहीत, एक वर्षाच्या आतल्या बाळालाही नाही. दोघांची औषधं एकाच फळीवर ठेवू नका.

निपाणीचा अण्णा

आमच्या लहानपणी होता की हा मलेरिया. डीडीटी मारायला माणसं यायची, भिंतीवर गेरूनं काहीतरी आकडे लिहून जायची. आता कुठं राहिलाय? सरकारनं संपवला म्हणून ऐकलं होतं.

जुना स्लाइडवाला

अण्णा, संपवायला निघालो होतो हे खरं. १९५३ ला देशभर नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचाच 'निर्मूलन' कार्यक्रम झाला, कागदावर म्हणतो मी. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण धरत होते, ते १९६५ पर्यंत एक लाखाच्या आसपास आले. भिंतीवरचे ते आकडे म्हणजे फवारणीची तारीख. फवारा भिंतीवर का, तर हा डास रक्त पिऊन जड झाला की जवळच्या भिंतीवर टेकतो. पण लोकांना वाटलं संपलं, पैसे आटले, डास डीडीटीला पुरून उरले, आणि १९७६ ला देशात ६४ लाख रुग्ण. आता परत पुष्कळ खाली आलाय. कर्नाटकात अलीकडच्या काळात जास्त रुग्ण मंगळूर-उडुपीकडं. आपली पोरं कामाला जातात कुठं? गोव्याला नाहीतर मंगळूरला. आपल्याकडं डास आहेतच, जंतू तेवढा बसनं येतो.

काजूवाला, जांबोटी

विषय थोडा वेगळा. आमच्याकडची माणसं सत्तरीला आणि दोडामार्गला काजूच्या कामाला जातात. तिकडं माकडताप आला होता. तोही डासानंच काय? यातलं काय झालंय हे ओळखायचं कसं?

जुना स्लाइडवाला

नाही. माकडताप विषाणूचा, तो गोचिडीनं पसरतो. १९५७ ला शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याचे दिवस उन्हाळ्याकडचे, साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे बरोबर काजूच्या हंगामात. डोकं आणि अंग भयंकर दुखतं, ताप सलग राहतो, असा दिवसाआड येत नाही. पण नुसत्या लक्षणांवर जाऊ नका, रक्तच तपासायला लागतं. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

नंदगडकडची वहिनी

काका, ताई, आधी मुलीचं सांगते. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, घसा सुजलाय म्हणाले. औषध चालू आहे, आज खेळतेय. दोन मच्छरदाण्या खानापुरातून आणल्या. दीर आता आत झोपतात, सासूबाईंनीच स्वतः अंथरूण घातलं.

वाटी घेऊन सगळीकडं बघितलं. बॅरलमधल्या अळ्या तिरक्या होत्या. पण गोठ्यामागं दगडी डोण आहे, म्हशीच्या पाण्याची, तिच्यात तुम्ही म्हणता तशा आडव्या! मालकांनी लगेच उपसली. आता विहिरीचं काय करायचं? ती काय उपसता येणार नाही.

आणि दुसरं म्हणजे दिरांना चौथ्या दिवसापासून ताप नाही. ते म्हणतात मी बरा झालो, चौदा दिवसांच्या गोळ्यांनी पोटात मळमळतं, त्या बंद करतो. सोमवारी साइटवर जायचं म्हणतात, नाहीतर खाडा पडतो.

जुना स्लाइडवाला

डोण सापडली हे झकास झालं. म्हैस पाणी पिते तिथं, औषध-बिवषध काही टाकू नका, दर आठवड्याला उपसून घासली की झालं. विहिरीत गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रात विचारा, त्यांच्याकडं असतात. अळ्या खातात आणि पिल्लं घालून आपोआप वाढतात. ओढ्यात किंवा तळ्यात मात्र सोडू नका, तिथले आपले मासे मारतात.

गोळ्यांचं दिरांना वाचून दाखवा. तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मेले, म्हणून ताप गेला. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. त्यांना त्या गोळ्या पोचत नाहीत, रक्त तपासून ते दिसत नाहीत. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षानंही उठतात आणि परत हुडहुडी, डास न चावता. चिवट म्हणालो ते यासाठी. चौदा दिवसांच्या गोळ्या त्या झोपलेल्यांसाठी आहेत. उपाशी पोटी घेतल्या की मळमळतं. दुपारचं पोटभर जेवून घेऊ द्या.

गोळ्या चालू असताना लघवी काळपट चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली तर मात्र पुढची गोळी न घेता लगेच दवाखाना गाठायचा. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांनी फुटतात. त्याची तपासणी झालीय काय, हे डॉक्टरांना विचारा.

सूक्ष्मदर्शक

ही तपासणी बेळगावात होते, सिव्हिलमध्ये चौकशी करा. आणि पुढं वर्षभरात कुठंही ताप आला तर दिरांनी 'मला आधी व्हायवॅक्स होऊन गेलाय' असं आपणहून सांगायचं. तो कागद जपून ठेवा, मोबाइलवर फोटो काढून त्यांना पाठवा.

नंदगडकडची वहिनी

फोटो काढला. जी-सिक्स-पीडीचं कुणी बोललं नव्हतं, उद्या मालक विचारून येतील. सोमवारी जायला काही हरकत आहे का तेवढं सांगा, बॅग भरून बसलेत.

जुना स्लाइडवाला

माझं ऐकाल तर चौदा दिवस घरी ठेवा. अशक्तपणा आहे, सेंट्रिंगवर उंचावर चढायचं काम, चक्कर आली तर काय? ऐकतच नसतील तर राहिलेल्या गोळ्या मोजून बरोबर द्या आणि नवी मच्छरदाणी बॅगेत घाला.

साइटवर आठ-दहा जण एका खोलीत झोपत असतील. दिरांना तिथं चावला तो डास एकट्या त्यांनाच चावला असेल असं नाही, आणि त्याला जंतू तिथल्याच कुणाकडून तरी मिळालाय. कुणाला ताप असेल किंवा महिनाभरात येऊन गेला असेल, त्या सगळ्यांनी रक्त द्यायला हवं. ठेकेदाराला हे आजच फोन करून कळवा. दीर करणार नाहीत, कामावरून काढतील म्हणून भितील. तुमच्या मालकांना करायला लावा.